फ्रीजियाचं लई करावं लागतं

"फ्रीजिया म्हणजे फ्रीजमधी ठेवायचं का हो बाई?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय, की फाटकावर पाटीच लावून टाकावी असं दर हिवाळ्यात वाटायचं. लावली मात्र नाही. पाटी वाचून गिऱ्हाईक आणखी दोन प्रश्न विचारतं, हे नर्सरीच्या धंद्यात लवकर कळतं.

वेरूळच्या रस्त्याला, पडेगावच्या अलीकडं माझी नर्सरी होती. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. आता नर्सरी सून बघते आणि तिथं झाडांपेक्षा हिरवळीचे तुकडे जास्त खपतात. आमचं घर चाललं ते तुळस, कढीपत्ता, गुलाब आणि जास्वंदीवर. मालक एसटीच्या वर्कशॉपात होते, त्यांच्या पगाराचा हातभार होताच. फ्रीजियावर घर एक दिवसही चाललं नाही. तरी आठवणी लिहा म्हटल्यावर हातात लेखणी घेतली, तर कागदावर उतरला तो फ्रीजियाच.

माझं माहेर फर्दापूरच्या बाजूचं. घरात शेळ्या, मेंढ्या आणि त्यांच्यामागं हिंडणारी माणसं. त्यामुळं झाडाकडं बघायची आमची नजर एकच. वडील पहिल्यांदा नर्सरी बघायला आले, सगळ्या वाफ्यांवरून फिरले आणि म्हणाले, "ह्यातलं शेळ्या काय काय खात्यात?"

"आबा, हे विकायचं असतं."

"ते व्हय. पण खात्यात का नाय?"

फ्रीजिया शेळ्या खातात. हे मला त्याच मुक्कामात कळलं, कारण आबा येताना नातवाच्या दुधासाठी एक शेळी घेऊन आले होते.

फ्रीजिया माझ्याकडं आला तोही चुकून. मी पुण्याच्या व्यापाऱ्याला ग्लॅडिओलसचे कंद सांगितले होते. पोतं उघडलं तर आत लसणाच्या गड्डीएवढेसुद्धा नाहीत असे बारके, जाळीदार साल असलेले कंद. मला वाटलं, गाळातला माल आपल्या माथी मारला. दिवाळी झाली होती, रात्री गार पडायला लागल्या होत्या. परत पाठवण्यापेक्षा लावून टाकले. पातीसारखी पानं आली. पौषात त्यातून काड्या निघाल्या, टोकाशी वाकल्या आणि त्या वाकलेल्या भागावर एकाच अंगाला, कंगव्याच्या दात्यांसारखी फुलं उमलली. पिवळी, पांढरी, जांभळी. आणि वास! गुलमंडीवरून सेहऱ्यासाठी गुलाब न्यायला येणारे गफूरभाई सायकल फाटकातच सोडून वाफ्याशी उकिडवे बसले.

"आपा, खुशबू तो क्या बोलना!" ते म्हणाले. मग एक काडी दोन बोटांत धरून हलवली. "मगर सेहरे में नक्को. इसकी गर्दन बहोत नाजुक है."

ज्यांनी हे फूल बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, त्याचं फार काही करावं लागत नाही. भुसभुशीत, पाणी धरून न ठेवणारी माती. थंडी पडू लागली की कंद दोन बोटं खोल, टोक वर. सकाळचं ऊन आणि बेताचं पाणी. काड्या आडव्या पडायला लागल्या की बांबूची कामटी आणि सुती दोरा. फुलं गेली की पानं आपोआप पिवळी पडू द्यायची, कारण पुढच्या सालाची शिदोरी पानंच कंदात भरून ठेवतात. मग कंद काढायचे, सावलीत वाळवायचे, पोत्यात घालायचे आणि विसरून जायचे. आपला उन्हाळा माणसाला नको होतो, पण या कंदाला तीच ऊब लागते. पत्र्याच्या खोलीत तो सुखानं झोपतो.

तेव्हा फ्रीजमध्ये ठेवायचं का, तर अजिबात नाही. एका बँकेतल्या कॅशियरसाहेबांनी मला न विचारताच कंद फ्रीजमध्ये, अंड्यांच्या खणात ठेवले. लावल्यावर पान आलंच नाही. उकरून बघितलं तर प्रत्येक कंदाच्या डोक्यावर दुसरा कंद बसलेला. खालच्यानं वरच्याला पोसलं होतं आणि वर काहीच उगवलं नव्हतं. "आमच्या हेड ऑफिससारखं झालं," साहेब म्हणाले. माणूस रसिक होता. पुढं त्यानंच मला फार छळलं, ते येईलच.

संक्रांतीनंतरची गोष्ट आहे. हळदीकुंकवाच्या वाणाला तेव्हा स्टीलच्या वाट्या लुटायचे. एक ठसठशीत बाई आल्या आणि म्हणाल्या, "मला वाणाला तुळशीची रोपं पायजेत." मी पिशव्या काढत होते, तेवढ्यात फाटकातून दुसऱ्या एक बाई आल्या. तोच चेहरा, जरा कोवळा. "वाणाला तुळशीची रोपं..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मला वाटलं, रोपं पुरतील का याची काळजी असेल.

मग मोठ्या म्हणाल्या, "वाळलीस गं शकू." आणि धाकट्या एकदम रडायलाच लागल्या.

मी चहा टाकला. कपातला चहा संपेपर्यंत गोष्ट कळली. मोठ्या त्या मालनताई आणि धाकट्या शकुंतलाबाई. सख्ख्या बहिणी, एकाच मांडवात दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. सासर कन्नड तालुक्यातलं, जमीनजुमल्याचं. दोघं भाऊ शहरात नोकरीला राहिले आणि इथं एकाच प्लॉटवर घर बांधून नांदत होते. मोठे नाना जमीन मोजणी खात्यात, धाकटे भाऊसाहेब शाळेत गणिताचे मास्तर. वडील गेल्यावर वाटणी निघाली. नानांनी आवार मोजलं. भाऊसाहेबांनी ते पुन्हा मोजलं. दोघांच्या मापात एका वितीचा फरक आला.

मोजणीदाराच्या मापाला गणिताच्या मास्तरानं खोटं ठरवलं, म्हणजे राहिलं काय? मधोमध भिंत उभी राहिली. भिंत भावांची, पण बोलणं बायकांचंही बंद.

"वास कळतो आम्हाला एकमेकींचा," मालनताई सांगत होत्या. "हिची फोडणी करपली की मला हितं ठसका लागतो. पण 'गॅस बारीक कर' म्हणता येत नाय."

"ताईच्या बांगड्या वाजल्या की मी भिंतीपाशी उभी राहाते," शकुंतलाबाई म्हणाल्या. "खोकला झाला होता तिला, तर तीन दिवस माझा जीव टांगलेला. विचारू कुणाला?"

उठायची वेळ झाली तशा दोघी कावऱ्याबावऱ्या झाल्या. नाना घरी आल्यावर कुठं गेली होतीस, किती वेळ लागला, असं सगळं मोजून विचारायचे. पुन्हा नर्सरीत यायचं तर काय सांगून?

समोरच फ्रीजिया फुललेला. मी दोघींच्या हातात एकेक कुंडी दिली. "सांगा, नवीन फूल आणलंय. लई नाजूक आहे. निगा शिकायला दर गुरुवारी नर्सरीत जावं लागतं."

"दर गुरुवारी?" मालनताई दचकल्या. "एवढं काय असतं त्याचं?"

"काहीच नसतं. म्हणून तर दर गुरुवारी यायचं."

पहिले चार गुरुवार सोपे गेले. कामट्या लावणं, दोरा बांधणं, सुकलेली फुलं खुडणं, सगळी खरीखुरी कामं होती. दोघी हिरव्या जाळीखाली पालथ्या कुंड्यांवर बसायच्या, मांडीवर कुंडी घ्यायच्या आणि आईपासून आमसुलापर्यंत बोलायच्या. मला कामाचा खोळंबा नव्हता. हात चालायचे त्यांचे, तण उपटून द्यायच्या. शकुंतलाबाईंची मुलगी पहिल्यांदा साडी नेसली तो फोटो मालनताईंनी माझ्याच टेबलावर बघितला. भिंतीपलीकडं राहणाऱ्या पुतणीचा फोटो, चष्मा पुसून पुसून.

पानं पिवळी पडेपर्यंत निभलं. कंद काढायचा एक गुरुवार, माती झाडायचा एक, वाळवायचे दोन. मग उन्हाळा आला. उन्हाळ्यात कंदाचं काय करायचं असतं? काही नाही. मी बसून विचार केला आणि सांगितलं, "सांगा घरी, कंदांवर हात फिरवावा लागतो. माणसाच्या हाताची ऊब मिळाली नाही तर पुढच्या साली फूल धरत नाही."

हे वाक्य उच्चारताना माझ्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. धंद्यात तेवढी कमाई झाली होती.

वाईट एवढंच, की नाना आणि भाऊसाहेब दोघांनीही ते खरं मानलं. नुसतं मानलं नाही, सांगत सुटले. नाना त्यांच्या कचेरीत सांगायचे, भाऊसाहेब शिक्षकांच्या खोलीत. आमचं शहर तेव्हा केवढं होतं? सराफ्यात शिंकलं तर क्रांती चौकात ऐकू यायचं. पुढच्या हिवाळ्यात माझ्याकडं कंदांची पोती पडलेली आणि गिऱ्हाईक हात जोडून म्हणतंय, "नको बाई, फ्रीजियाचं लई करावं लागतं म्हणं. आमच्याकडं कुणाला फुरसत आहे?"

मी म्हणायचे, "नाही हो, साधं असतं ते."

"तुम्ही विकणार, तुम्ही तसंच म्हणणार."

आणि कॅशियरसाहेब! ते नवे कंद घेऊन गेले होते. उन्हाळाभर दर पंधरा दिवसांनी ते पिशवीतून कंद घेऊन यायचे आणि माझ्यासमोर धरायचे. "बाई, तुमचा हात तयार हात. आमच्या हिचे हात थंड असतात." मग मी कामं सोडून त्यांचे कंद कुरवाळत बसायची. मालक वर्कशॉपातून येताना एकदा हे बघून उभेच राहिले. "हे काय चाललंय?" म्हणाले. मी म्हटलं, "रात्री सांगते." सांगितलं तर इतके हसले, की शेजारच्यांनी दार वाजवलं.

तिसऱ्या हिवाळ्यात मात्र हसण्याची गोष्ट राहिली नाही. भिंतीच्या दोन्ही अंगांना कुंड्या होत्या आणि वास काही भिंत मानत नव्हता. नानांना पलीकडून पहिल्या काडीचा वास आला तेव्हा त्यांना कळलं की भाऊकडंही तेच फूल आहे. भाऊसाहेबांना तेव्हाच नानांच्या कुंड्या गच्चीवरून दिसल्या. तोवर फूल हे बायकांचं खूळ होतं, त्या दिवसापासून ते घराण्याचं झालं. नाना सकाळ संध्याकाळ बादलीनं पाणी घालायला लागले. भाऊसाहेबांनी शेतावरून युरिया आणवला. मालनताई सांगून थकल्या, शकुंतलाबाई सांगून थकल्या. ऐकतं कोण?

नानांचे कंद कुजले. हात लावला की पिठलं. भाऊसाहेबांची पानं गुडघ्याएवढी वाढली आणि त्या पहिल्या काडीनंतर फुलाचं नाव नाही.

त्या गुरुवारी दोघी बहिणी नेहमीच्या जागी बसल्या होत्या. मांडीवर कुंडीही नव्हती. मालनताई धाकटीच्या केसांना तेल लावत होत्या. गफूरभाई गुलाब मोजून घेत होते. फाटक धाडकन उघडलं आणि कुजकी कुंडी काखेत मारून नाना आत आले. "नर्सरीवाल्या बाई कुठायत? तुमच्या मालात खोट आहे!" हे म्हणता म्हणता त्यांची नजर जाळीखाली गेली.

मालनताईंच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली.

मी काही बोलणार तोच मागून स्कूटर थांबल्याचा आवाज आला. भाऊसाहेब. त्यांच्या हातात हिरवीगार, उंचच उंच, बिनफुलांची कुंडी. शाळेला सुट्टी होती, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

चौघंही जागच्या जागी. कुणी कुणाकडं बघेना. गफूरभाई गुलाबांची टोपली उचलून हळूच म्हणाले, "आपा, ये नर्सरी है के कचेरी?"

"ही निगा चाललीय का?" नाना बायकोला म्हणाले.

मला वाटलं, संपलं आता. दोघींचं बाहेर पडणंच बंद होणार. मालनताई मात्र शांतपणे उठल्या. हाताचं तेल पदराला पुसलं.

"व्हय, हीच निगा," त्या म्हणाल्या. "तुमची भिंत तुमच्या आवारात आहे. हितं कुणी मोजणी केलेली नाय. माझ्या बहिणीच्या डोक्याला तीन वर्षांत तेल लागलं ते हितंच. आता काय मोजायचं ते मोजा."

भाऊसाहेब कुंडीकडं बघत राहिले. शकुंतलाबाई घाईघाईनं तेलाचे केस बांधायला लागल्या. मला ते बघवेना. म्हटलं, बोलणी आपण खाऊ, निदान या दोघी सुटतील.

"त्यांचा काही दोष नाही," मी म्हणाले. "मीच सांगितलं दर गुरुवारी या म्हणून. फ्रीजियाचं काही करावं लागत नाही. नुसता लावायचा असतो."

"काही करावं लागत नाही?" नानांनी विचारलं.

"नाही."

"आणि ते हात फिरवायचं?"

"ते मी मनचं सांगितलं."

भाऊसाहेबांनी मान वर केली. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मनचं? अहो, मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय ते! प्रार्थनेच्या वेळी पोरांना सांगितलंय!"

"मी कचेरीत सांगितलंय," नाना म्हणाले. "आमच्या साहेबांनी कंद नेले, त्यांनी उन्हाळाभर रोज हात फिरवलाय."

"म्हणजे दोघांनाही बनवलं की यांनी!" भाऊसाहेब म्हणाले.

"दोघांनाही," नाना म्हणाले. मग जरा थांबून, "तू युरिया कुणाच्या सांगण्यावरून घातला?"

"कुणाच्या नाही. तुझ्याकडं पाणी चाललं होतं म्हणून घातला."

"गाढवा, ह्याला युरिया घालतात व्हय?"

"आणि बादल्या ओततात का?"

कित्येक वर्षांनंतरचं ते दोघा भावांचं पहिलं बोलणं. ते माझ्या नर्सरीत झालं आणि लगेच माझ्यावर उलटलं. दोघांनी मिळून मला पाऊण तास झोडपलं. एक दमला की दुसरा पुढं. एकाचं वाक्य अर्धं राहिलं तर दुसरा पुरं करायचा. ग्राहक मंचात खेचू, नाना म्हणाले. अर्ज मी लिहितो, भाऊसाहेब म्हणाले. जाताना कुजकी कुंडी आणि बिनफुलांची कुंडी माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून गेले. मालनताई नानांच्या मागं निघाल्या, शकुंतलाबाई स्कूटरवर बसल्या. मागं वळून बघायचं धाडस एकीलाही झालं नाही.

तो अर्ज कधी आला नाही. मागाहून कळलं, की रोज संध्याकाळी भाऊसाहेब नानांच्या ओट्यावर मसुदा घेऊन बसायचे. शब्दांवरून वाद व्हायचे, चहा व्हायचा, मग जेवायची वेळ व्हायची. सारखं रस्त्यावरून वळसा घालून येणं भाऊसाहेबांच्या गुडघ्याला झेपेना म्हणून भिंतीला दार पाडलं. दार कुठं पाडायचं यावरून पुन्हा मापं निघाली म्हणे, पण पडलं.

माझा गुरुवार मात्र रिकामा झाला. त्यांना आता नर्सरीची गरज काय होती? पालथ्या कुंड्या तशाच पडून राहिल्या. मी चहा टाकताना चुकून दोन कप जास्तीचं पाणी ठेवायची. मनात यायचं, एकदा नवे कंद घेऊन त्यांच्या घरी जावं, भावांची माफी मागावी आणि मिटवून टाकावं.

पुढं शकुंतलाबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. दोन्ही आवारांत मिळून एकच मांडव पडणार, असं गफूरभाईंनी सांगितलं. सेहरा त्यांच्याकडंच होता. लग्नाच्या आदल्या आठवड्यात रिक्षा थांबली आणि दोघी बहिणी उतरल्या. हातात बुंदीच्या लाडवांचा डबा. पत्रिका मात्र नव्हती.

"साड्या घ्यायला जातो म्हणून निघालोय," शकुंतलाबाई म्हणाल्या. "बाई, तुम्हाला लग्नाला बोलवता येत नाही हो. जीव तुटतो, पण..."

"मीच यावं म्हणत होते," मी म्हणाले. "दोघांची माफी मागते. नवे कंद काढून ठेवलेत."

मालनताईंनी माझा हात धरला. "नका येऊ. माफी तर अजिबात मागू नका."

"का?"

"अहो, मांडवाच्या रंगावरून भांडले, आचाऱ्यावरून भांडले, वऱ्हाड उतरवायचं कुठं त्याच्यावरून भांडले. भांडण वाढलं की आम्हा दोघींपैकी एक तुमचं नाव काढते. लगेच दोघं एक होतात. तुम्ही चांगल्या निघालात तर आम्ही काय करायचं?"

मी लाडू खाल्ला. तूप साजूक होतं.

म्हणून मी गेले नाही. लग्न चांगलं झालं, भांडणं मिटली. पुढं पुष्कळ वर्षं रविवारी सकाळी दोघं भाऊ एकाच स्कूटरवरून शेतावर निघायचे. कन्नडचा रस्ता माझ्या फाटकासमोरूनच जातो. भाऊसाहेब चालवायचे, नाना मागं बसायचे. नर्सरी आली की दोघांच्याही माना एकदम समोरच्या धाब्याकडं वळायच्या. मी वाफ्यात पाणी देत उभी असायची. त्यांच्या रागाचं मला काही वाटायचं नाही. चालवणाऱ्यानं तरी रस्त्याकडं बघावं, एवढंच वाटायचं.